शापोऱ्याच्या पलीकडची कॅसेट

लेखमाला : नादाच्या वाटा, भाग नववा

मागच्या भागात आपण जुन्या काबिजादीतल्या चर्चच्या शाळा पाहिल्या. तिसवाडी, बार्देश आणि सासष्टीत गावोगावचे मेस्त पोरांना सोल्फा शिकवत, हातात व्हायोलिन देत, आणि त्यातून पिढ्यान् पिढ्या वाजवणारे तयार होत गेले. पेडणे पोर्तुगिजांकडे आलं ते बरंच उशिरा, १७८८ साली, सावंतवाडीकर भोसल्यांकडून. तोवर धर्मांतराचा जोर ओसरला होता. इथली देवळं राहिली, भजनी सप्ते राहिले, दशावताराचे कालेही राहिले. शापोरा नदीच्या अलीकडे पेटी, पखवाज, झांज आणि पलीकडे व्हायोलिन, ट्रम्पेट, गिटार अशी ढोबळ वाटणी त्यातून झाली. घुमट मात्र दोन्ही तीरांवर राहिलं. अलीकडे ते आरतीत वाजतं, पलीकडे मांडो-दुलपदात. पेडण्यातून गेल्या पिढीपर्यंत गिटारवाले बँड का निघाले नाहीत, या वाचकांच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर या वाटणीत आहे. उरलेल्या अर्ध्याकडे आज जाऊ.

तिकडे नेणारा आजचा प्रश्न असा. एखादा रॉक बँड सुरुवातीला दुसऱ्यांची गाणी वाजवतो, आणि दहा वर्षांनी ऐकावं तर त्याचा आवाजच निराळा झालेला असतो. हे होतं कसं? ‘वाजवता वाजवता मुरले’ असं उत्तर आपण सहज देऊन टाकतो. मला ते पुरत नाही. लग्नाच्या आणि हॉटेलांच्या बँडमधले वादकही मुरत होते, त्यांतले काही तर थोर होते. तरी त्यांचा आवाज चाळीस वर्षं तोच राहिला, कारण तो बदलणं त्यांच्या हातात नव्हतं. बँडचा आवाज कसा घडेल हे बँडच्या ताब्यात काय आहे यावर ठरतं, असं माझं मत आहे. मुद्रणाचं यंत्र कुणाचं? वेळेचे पैसे कोण मोजतो? कॅसेट कोण विकतो? कागदावर गाणं कुणाच्या नावावर आहे? या चार गोष्टी बदलल्या की आवाज बदलतो.

आधी ताबा नसलेल्यांविषयी. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस मुंबईच्या चित्रपटसंगीतात व्हायोलिनवादक आणि संयोजक म्हणून नावाजले. राहुलदेव बर्मन आणि प्यारेलाल दोघेही त्यांच्याकडे शिकले. १९५८ साली त्यांनी मुंबईत सेंट झेवियर्स कॉलेजच्या आवारात शंभरावर वादकांचा वाद्यवृंद उभा करून रागांवर बेतलेल्या स्वतःच्या रचना सादर केल्या. एवढं मोठं काम केलेला माणूस. पण देशाला त्यांचं नाव ठाऊक झालं ते १९७७च्या एका चित्रपटगीतामुळे, आणि तेही शिष्य प्यारेलाल यांनी आठवणीने त्यात घातलं म्हणून. सेबॅस्टियन डिसोझांचं तेच, चिक चॉकलेटचं तेच. दिवसा स्टुडिओत दुसऱ्याच्या चालीला अंग द्यायचं आणि रात्री हॉटेलात लोकांच्या ओळखीच्या धुनांवर नाच चालू ठेवायचा. पैसे ओळखीच्या धुनेचे मिळत. नवीन धून वाजवली की नाचणारे खुर्चीत जाऊन बसत, आणि मालक पुढच्या शनिवारी दुसरा बँड बोलावी. साठच्या दशकात बीट ग्रुप आले, गिटारी विजेच्या झाल्या, केस वाढले. हिशोब मात्र तोच राहिला.

गोव्यात हा हिशोब मोडला तो नदीपलीकडे, शिवोलीत. पूल व्हायच्या आधी चोपड्याहून फेरीबोटीने जिथे उतरायचो, तेच शिवोली.

रेमो फर्नांडिस १९५३ साली पणजीत जन्मला. शाळेत असल्यापासून बँडमध्ये वाजवत होता. मुंबईत सर जे. जे. कॉलेजात आर्किटेक्चर शिकताना ‘द सॅव्हेजेस’ या त्या काळच्या नावाजलेल्या बीट ग्रुपमध्ये होता. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस युरोपात भटकला, तिथल्या वादकांबरोबर वाजवलं आणि परत आला. मुंबईत राहून काम मिळवण्याचा रस्ता त्याला मोकळा होता. तो शिवोलीत राहिला. १९८४ साली ‘गोअन क्रेझी’ ही कॅसेट निघाली. गाणी त्याने लिहिली, चाली त्याच्या, सगळी वाद्यं त्याने वाजवली, सगळे आवाज त्याने गायले, मुद्रण घरातल्या चार ट्रॅकच्या कॅसेट रेकॉर्डरवर केलं, वेष्टणाचं चित्रही स्वतः काढलं. मग स्कूटरवर कॅसेटी घालून तो दुकानोदुकानी फिरला. हे गोव्यात सगळ्यांना ठाऊक आहे आणि कौतुकाने सांगितलंही जातं. पण त्या चार ट्रॅकनी गाण्याच्या आवाजाचं काय केलं, हे कुणी उलगडून सांगत नाही. ते आज सांगतो, कारण स्वतंत्र बँडची सगळी गोष्ट त्यात आहे.

साध्या कॅसेटच्या फितीवर चार पट्टे असतात. पहिल्या बाजूचे डावा-उजवा असे दोन, आणि कॅसेट उलटली की दुसऱ्या बाजूचे दोन. १९७९ साली जपानच्या टास्कॅम कंपनीने एक छोटं यंत्र बाजारात आणलं. त्यात हे चारही पट्टे एकाच दिशेने वापरायचे आणि फीत दुप्पट वेगाने पळवायची. कॅसेट उलटायची सोय गेली, मुद्रणाची लांबी कमी झाली, पण टेबलावर मावणारा चार पट्ट्यांचा स्टुडिओ हाती आला. पहिल्या पट्ट्यावर ताल भरायचा. तो कानात ऐकत दुसऱ्यावर बेस, दोन्ही ऐकत तिसऱ्यावर गिटार. चौथा मोकळा ठेवायचा, आणि पहिल्या तिघांवरचं सगळं एकत्र करून त्याच्यावर उतरवायचं. आता पहिले तीन पट्टे पुसून पुन्हा मोकळे. असं करत एकटा माणूस आठ-दहा जणांचा मेळ उभा करू शकतो.

पण एकदा उतरवलेलं परत सुटं करता येत नाही. बेस थोडा मोठा राहिला तर तो कायमचा मोठा राहिला. प्रत्येक उतरणीला फितीची सळसळ वाढते आणि वरच्या पट्टीतली चमक थोडी मरते. म्हणून काय आधी भरायचं आणि काय शेवटी, याचा विचार पहिली कळ दाबण्याआधी करावा लागतो. झांजेसारखं चमकदार वाद्य आधी भरलं तर ते मातीमोल होतं. ताल आणि बेस आधी, कारण त्यांचं बळ खालच्या स्वरांत असतं आणि तिथे झीज कमी कळते. माणसाचा आवाज सर्वांत शेवटी, म्हणजे त्याच्यावर एकाही उतरणीचा मळ बसत नाही. अशा घरगुती मुद्रणात गाणाऱ्याचा आवाज अगदी कानाशी येऊन बोलल्यासारखा लागतो आणि वाद्यं मागच्या खोलीत असल्यासारखी वाटतात, ते यामुळे. हा आवाज कुणी ठरवून शोधला नव्हता, यंत्राने तो दिला होता. मात्र त्या आवाजाला शोभणारी गाणी लिहिणं माणसाच्या हातात होतं. शेजाऱ्याशी गप्पा माराव्यात तशी गाणी, गावातल्या माणसांची, गावातल्या बदलांची, इंग्रजीत असूनही गोव्याबाहेरच्याला अर्धीच कळतील अशी.

आणि वेळ. मुंबईत स्टुडिओ शिफ्टच्या हिशोबाने मिळत असे आणि घड्याळ सतत डोक्यावर असे. शिवोलीच्या घरात रात्री तीन वाजता एखादी ओळ पुन्हा गायला कुणाची परवानगी लागत नव्हती. चूक करायला वेळ मिळणं ही बँडच्या आयुष्यातली सर्वांत महाग गोष्ट आहे. ती ज्याला मिळाली, त्याचा आवाज वाढला.

पुढच्याच वर्षी, १९८५ मध्ये, ‘ओल्ड गोअन गोल्ड’ आली, जुन्या गोंयकारी गाण्यांना नवं अंग देणारी. रॉकवाला आपल्या आजीच्या गाण्यांकडे वळतो हे आज नेहमीचं झालं आहे. तेव्हा कुठल्याही कंपनीने ही कल्पना मान्य केली असती असं मला वाटत नाही, आणि रेमोला कुणाला विचारायचंच नव्हतं. त्यानंतर ‘पॅक दॅट स्मॅक’. ऐंशीच्या दशकात किनाऱ्यावरच्या गावांत ब्राउन शुगर शिरली होती, त्याविरुद्धचं हे गाणं. मग १९८७ मध्ये ‘बॉम्बे सिटी’ आणि त्याच वर्षी ‘जलवा’ चित्रपटातलं गाणं. त्यानंतर सगळा देश त्याला ओळखू लागला. १९९५च्या ‘बॉम्बे’तलं रहमानचं ‘हम्मा हम्मा’ तर लहान पोरांनाही पाठ होतं. २००७ साली पद्मश्री मिळाली. मोठ्या स्टुडिओत आवाज स्वच्छ झाला, ढोल भरदार झाले, वाद्यं पुढच्या खोलीत आली. तरीही माझ्या लेखी त्याचं सर्वांत मोलाचं काम म्हणजे ती पहिली सळसळती कॅसेट. गोव्यात राहून, गोव्याबद्दल, आपल्या पैशाने आणि आपल्या नावाने गाणं काढता येतं, हे तिने सिद्ध केलं. पुढे या राज्यात जे जे मूळ गाणी घेऊन उभे राहिले, त्यांच्यासाठी दार त्या स्कूटरने उघडलं.

त्याच १९८४ साली मुंबईत ‘रॉक मशीन’ नावाचा बँड सुरू झाला. त्याची वाट वेगळी होती. घरात बसून थरांवर थर चढवण्याऐवजी हे लोक स्टेजवर घडले. पुढे ज्या संचामुळे बँडचं नाव झालं त्यात गायक उदय बेनेगल, गिटारवर महेश तिनईकर आणि जयेश गांधी, बेसवर मार्क सेल्विन, कीबोर्डवर झुबिन बालापोरिया आणि ड्रमवर मार्क मेनेझिस होते. सुरुवातीला त्या काळातल्या सगळ्या बँडांप्रमाणे हेही परदेशी बँडांची गाणी वाजवत. कॉलेजांच्या महोत्सवात श्रोते फर्माईश करत, आणि मूळ रेकॉर्डबरहुकूम वाजलं की टाळ्या पडत. चांगल्या गिटारी सहज मिळत नसत. आयातीवर भारी कर होता. देशात कोलकात्याची गिवसन होती. बाकी कुणाचा काका-मामा जहाजावर असेल त्याने आणलेलं सामान. आमच्या गोव्यातल्या तारवट्यांनी किती गिटारी, किती तारांचे संच आणि किती रेकॉर्डी या देशात आणल्या, याचा इतिहास कुणीतरी लिहायला हवा.

१९८६ साली मुंबईत ‘इंडिपेंडन्स रॉक’ हा महोत्सव सुरू झाला आणि धोबी तलावच्या रंगभवनाशी त्याचं नाव कायमचं जोडलं गेलं. उघड्यावरचं नाट्यगृह, स्वस्त तिकीट, समोर हजारो पोरं. इथे हळूहळू हवा पालटली. दुसऱ्यांची गाणी हुबेहूब वाजवणाऱ्यांपेक्षा आपलं गाणं घेऊन येणाऱ्याला लोक मान देऊ लागले. रॉक मशीनचा ‘रॉक अँड रोल रेनेगेड’ १९८८ मध्ये आणि ‘द सेकंड कमिंग’ १९९० मध्ये आला. दोन्ही मोकळ्या मैदानात शोभणारे: उंच पट्टीतला गळा, जोडगिटारी, कीबोर्डचे रुंद पडदे, सगळ्यांनी मिळून ओरडावं असं ध्रुपद. ऐकताना कळतं की ही गाणी गर्दीसमोर जन्मली आहेत. रेमोचा गळा कानाशी बोलतो, उदय बेनेगलचा शेवटच्या रांगेला हाक मारतो. एकाच काळातले दोन स्वतंत्र प्रयत्न, पण एकाला खोली मिळाली होती आणि दुसऱ्याला मैदान.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला उपग्रहवाहिन्या आल्या, त्यांच्याबरोबर एमटीव्ही आला, आणि बँडला गाण्याबरोबर चेहराही लागू लागला. १९९३ मध्ये रॉक मशीनने नाव बदलून ‘इंडस क्रीड’ घेतलं. मधल्या काळात आवाजही उतरला होता, म्हणजे चांगल्या अर्थाने खाली आला होता. कमी आरडाओरड, जास्त अवकाश, भारतीय तालवाद्यांना जागा. १९९५ चा ‘इंडस क्रीड’ हा अल्बम ऐकताना वाटतं की या माणसांनी कुणासारखं वाजवायचं हा प्रश्न सोडून दिला आहे. दुर्दैव असं की नेमकं त्याच वर्षी अलीशा चिनॉयच्या ‘मेड इन इंडिया’ने बाजार फिरवला. हिंदी पॉप खपतं हे कंपन्यांना कळलं, आणि इंग्रजी रॉकवर पैसा लावायला कुणी उरलं नाही. १९९७ मध्ये बँड थांबला. बेनेगल आणि गांधी अमेरिकेला गेले. बँड सर्वांत चांगला वाजवत असताना बंद पडला, कारण आवाज त्यांचा होता तरी दुकान त्यांचं नव्हतं. मला या गोष्टीची अजून हळहळ वाटते.

२०१० मध्ये ते पुन्हा एकत्र आले आणि २०१२ मध्ये ‘इव्हॉल्व्ह’ काढला. त्याचं मिश्रण टिम पामरने केलं, ज्याने पर्ल जॅमच्या १९९१च्या ‘टेन’चंही केलं होतं. या अल्बममधली गाणी लांब आहेत, वळणं घेतात, ध्रुपदाची घाई करत नाहीत. पन्नाशीकडे आलेल्या माणसांना रेडिओ, वाहिनी किंवा कंपनी यांतल्या कुणाचंच मन राखायचं नव्हतं, हे प्रत्येक गाण्यात ऐकू येतं.

आता आपल्या तीराकडे येऊ. पेडण्यातला मुलगा लहानपणापासून भजन ऐकत आला आहे. गावाच्या सप्त्याला जागलेला आहे, गणपतीत घुमट-शामेळावर आरती म्हटलेली आहे, दशावताराच्या पेटीवाल्याशेजारी बसून नाट्यपदं कानांवर घेतलेली आहेत. त्याने विजेची गिटार घेतली तर या सगळ्याचं काय होईल? माझं म्हणणं असं की रॉकची बांधणी या मुलाला वाटते त्यापेक्षा जवळची आहे. कसं ते सांगतो.

कडक रॉकमध्ये गिटारचा आवाज मुद्दाम फाडलेला असतो. अँप्लिफायरला झेपेल त्याहून जास्त जोर दिला की ध्वनीच्या लाटांचे माथे कापले जातात आणि मूळ स्वरात नसलेले अनेक स्वर त्यात उगवतात. दोन स्वर एकदम वाजवले तर त्यांच्या बेरजा-वजाबाक्याही ऐकू येतात. सा आणि प घ्या. सा सेकंदाला ११० कंपनांचा असेल तर प साधारण १६५चा. वजाबाकी ५५, म्हणजे नेमका खालच्या सप्तकातला सा. गिटारने वाजवलेला नसतानाही तो खालचा सा घुमू लागतो. रॉकचा तो छातीत बसणारा भरणा इथून येतो. याच जोडीत गंधार घातला की बेरजा-वजाबाक्या एकमेकींत गुंततात आणि गोंगाट होतो. म्हणून रॉकवाले गंधार टाकून फक्त सा आणि प ठेवतात. त्याला ते पॉवर कॉर्ड म्हणतात.

आता तंबोरा आठवा. त्यातही सा आणि प. गंधार शुद्ध की कोमल हे गिटारने सांगितलेलं नसल्यामुळे वर गाणारा यमन गाऊ शकतो, भीमपलास गाऊ शकतो, भैरवीही गाऊ शकतो. पाश्चात्त्य पद्धतीचे भरगच्च कॉर्ड धरणाऱ्या जाझच्या पियानोवर हे इतकं सोपं नाही. तिथे प्रत्येक कॉर्ड रागाचा एकेक स्वर आधीच ठरवून टाकतो. अडचण येते ती पंचम नसलेल्या रागांत. मालकंसाला गिटारवाल्याने सा-म धरावं, तंबोरा तसाच लावतात. मारवा मात्र खरोखर अवघड आहे, आणि तो गाऊ पाहणाऱ्या बँडने पॉवर कॉर्डचा मोह सोडून फक्त सा धरून ठेवलेला बरा.

तालाचं गणित सोपं आहे, निदान वरवर. भजनी ठेका आठ मात्रांचा, रॉकचे चार ठोक्यांचे दोन आवर्त जोडले की आठ. रॉकमध्ये दुसऱ्या आणि चौथ्या ठोक्यावर स्नेअर पडतो. पखवाजाचं वजन वेगळ्या जागी असतं. ड्रमवाल्याने आपला ठोका रेटला तर पखवाज गुदमरतो आणि भजन कवायतीसारखं वाटतं. दोघांनी मोकळ्या जागा वाटून घ्याव्या लागतात, आणि ते एकत्र बसून महिनोन् महिने वाजवल्याशिवाय होत नाही. मुंबईच्या ‘अभंग रिपोस्ट’ या बँडने अभंगांना विजेची गिटार, बेस आणि ड्रमची जोड दिली. त्यांचं जिथे उत्तम साधलं आहे तिथे ड्रमवाला बराच वेळ हात आवरून बसलेला ऐकू येतो.

खरी गाठ लयीत आहे. आपल्याकडे गजराला लय चढते. सुरुवातीला ठाय, मग मध्य, आणि शेवटी टाळकरी उभे राहून नाचू लागतात. तीच भजनाची जान. थरांवर थर भरण्याच्या मुद्रणात मात्र बहुतेक बँड कानात टकटक लावून ठेवतात, म्हणजे आज भरलेला ताल आणि पुढच्या महिन्यात भरलेली गिटार जुळावी. टकटक एका गतीने चालते. बँड तिच्यामागे गेला की लय चढत नाही आणि गजराचं गाणं जागच्या जागी उभं राहतं. यावर उपाय दोन. सगळ्यांनी एकाच खोलीत एकदम वाजवून मुद्रण करायचं आणि चुका पदरात घ्यायच्या, किंवा टकटकीलाच ठरवून चढती लय द्यायची, जे आजच्या संगणकावर सहज होतं. पेडण्यातल्या कुठल्याही होतकरू बँडला मी पहिला उपाय सांगेन. भजनी मंडळात एकमेकांच्या श्वासावर लय चढवायला शिकलेली पोरं आहेत ती, ही त्यांची कमाई टकटकीने का घालवावी?

असं एकत्र बसून घडलेल्या बँडचं देशातलं ठळक उदाहरण दिल्लीचं ‘इंडियन ओशन’. १९९० साली सुरू झालेला हा बँड. सुस्मित सेनची गिटार सतारीच्या बोलांसारखी धावे, तबला आणि गायन असीम चक्रवर्तीकडे, बेसवर राहुल राम, ड्रमवर अमित किलम. राहुल राम नर्मदा बचाव आंदोलनात काही वर्षं होता आणि नर्मदाकाठची गाणी त्याने बँडमध्ये आणली. ‘कंदिसा’ २००० साली आला, आणि इंग्रजीत न गाणारा रॉक बँड देशभर चालू शकतो हे तेव्हा पक्कं झालं. २००९च्या डिसेंबरात असीम गेला. दुसऱ्या वर्षी त्यांनी ‘१६/३३० खजूर रोड’ हा अल्बम कुठल्याही कंपनीकडे न देता महिन्याला एक गाणं असा इंटरनेटवर फुकट वाटला. अल्बमला नाव दिलं ते दिल्लीतल्या आपल्या तालमीच्या घराच्या पत्त्याचं. तालमीची जागा त्यांना इतकी मोलाची वाटली.

जागेचाच प्रश्न पेडण्यात आज सर्वांत मोठा आहे. हरमल, मांद्रे, मोरजीच्या शॅकमध्ये हंगामात रोज कुठे ना कुठे वाजतं, देशोदेशीचे वादक येतात, त्यांच्याबरोबर बसायची संधी इथल्या मुलांना मिळते. ही संधी मुंबई-पुण्याच्या मुलांनाही सहज मिळत नाही. पण शॅकमध्ये पुन्हा तोच हॉटेलचा हिशोब: ओळखीची गाणी वाजवा, पैसे घ्या. शिवाय २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर ध्वनिक्षेपक चालत नाही. वर्षातले जास्तीत जास्त पंधरा दिवस सरकार बारापर्यंत सूट देऊ शकतं. रुग्णालयं, शाळा, न्यायालयं यांच्या भोवतीचे शंभर मीटर सरकार शांतताक्षेत्र म्हणून जाहीर करू शकतं. मुंबईचं रंगभवन याच कारणाने रॉकला मुकलं. या नियमांबद्दल माझी तक्रार नाही, किनाऱ्यावरच्या गावांनाही झोप लागते. मात्र नियमाने आवाजही घडवला आहे. ड्रमच्या संचाऐवजी कहोन ही लाकडी पेटी, विजेच्या गिटारऐवजी साधी, असं मवाळ वाजवणं शॅकमध्ये रूढ झालं आहे. कडक वाजवायचं असेल त्या मुलांना बंद खोली हवी. गावोगावच्या सभागृहांत आणि देवळांच्या अग्रशाळांत दिवसा कितीतरी तास कुणीच नसतं. पंचायतीने आणि देवस्थानांनी आठवड्यातल्या दोन दुपारी त्यांना दिल्या तर खर्च विजेच्या बिलापुरता आहे.

शेवटी कागद. याबाबत मुलं फार भोळी असतात म्हणून सविस्तर लिहितो. एका गाण्यात कायद्याने तीन वेगळे हक्क असतात: शब्दांचा, चालीचा आणि मुद्रणाचा. शब्द आणि चाल यांचा हक्क रचणाऱ्याच्या हयातीत आणि नंतर साठ वर्षं टिकतो. मुद्रणाचा हक्क प्रकाशनानंतर साठ वर्षं, आणि तो ज्याने पुढाकार घेऊन मुद्रण घडवलं त्या निर्मात्याचा. म्हणजे कुणी ‘आम्ही फुकट रेकॉर्ड करून देतो’ म्हटलं, तर मुद्रण त्याच्या मालकीचं होऊ शकतं. आधी लिहून घ्या. हक्क गाणं रचलं तेव्हाच उत्पन्न होतो, नोंदणी सक्तीची नाही. पण भांडण झालंच तर नोंदणी पुरावा म्हणून उपयोगी पडते. कॉपीराइट कायद्याच्या २०१२च्या दुरुस्तीने गीतकार आणि संगीतकार यांना रॉयल्टीतला समान वाटा दिला, आणि तो कंपनीला लिहून देऊन टाकता येत नाही. तो वाटा हाती येण्यासाठी आयपीआरएस या संस्थेचं सदस्य व्हावं. चाल सगळ्यांनी मिळून बांधली असेल तर कुणाचा किती वाटा हे गाणं बाहेर पडण्याआधी एका कागदावर लिहून प्रत्येकाने सही करावी. बँडचं नाव कुणाचं, आणि एखादा सोडून गेला तर ते कुणाकडे राहील, हेही त्याच कागदावर असावं. मित्रांमध्ये असला कागद करायला संकोच वाटतो. पण बँड सुटल्यावर हाच कागद मैत्री राखतो, आणि जुनी गाणी पुन्हा वाजवायची वाट मोकळी ठेवतो.

पुढच्या आठवड्यात घुमटाकडे वळू. घोरपडीच्या कातड्यावर बंदी आल्यानंतर बकऱ्याच्या कातड्याने घुमटाचा नाद कसा बदलला, आणि २०१९ साली त्याला राज्याच्या वारसा वाद्याचा दर्जा मिळाला तो कोणत्या परिस्थितीत, ते पाहू.